कठडा अजून पुरा झाला नाही

वच्छलाबाई गेल्याचे गावाला कळले त्या सकाळी धुके इतके दाट होते की मला माझे दुसरे टोक दिसत नव्हते. आधी दिसली ती दुधाची किटली. आशाबाई अंगणवाडीत निघाल्या होत्या. माझ्या मधोमध, अगदी कडेला, ती आडवी पडलेली त्यांनी पाहिली. झाकण लांब जाऊन पडले होते आणि दूध कडेवरून खाली ओघळत होते. आशाबाईंनी वाकून खाली पाहिले. मग त्या गावाकडे पळत सुटल्या.

वच्छलाबाई आणि किसनरावांचे घर गावाकडच्या टोकाला पहिलेच आहे. किसनराव त्यांचे नवरे. ते अंगणात दात घासत होते. आशाबाईंना धाप लागली होती, त्यांना नीट बोलता येईना.

"काका, काकू पुलाखाली पडल्या," एवढेच त्या म्हणाल्या.

"आत्ता तं गेली," किसनराव म्हणाले. "दूध घालून येतो म्हणे."

नदीला त्या दिवसांत पाणी कमी असते. खाली दगडच जास्त. किसनराव उतारावरून खाली गेले, वच्छलाबाईंचे डोके त्यांनी मांडीवर घेतले आणि माणसे येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मित्रांनो, मी तो पूल आहे. देऊळघाटच्या खालच्या अंगाला पैनगंगेवर एक बुटका दगडी पूल आहे, तोच मी. माझ्या एका टोकाला आंबेखेड हे गाव आहे. दुसऱ्या टोकाला शाळा, दूध संकलन केंद्र आणि एसटीचा फाटा आहे. गोष्ट सांगताना पुलाने शांतपणे सांगावी, असे तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि इतके महिने झाले तरी तो गेलेला नाही.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. त्या वर्षी पैनगंगा पूर्ण आटली होती. पात्रात वाळू आणि चिखलाच्या वाळलेल्या खपल्या होत्या. गावाला काम हवे होते आणि नदीला पूल हवा होता. नदीत पाणी नसल्यामुळेच माझा पाया इतका खोल खणता आला. काळा दगड जवळच्या टेकडीतून यायचा. पुरुष तो फोडायचे आणि बाया पाट्यांतून वाहायच्या. पलीकडच्या वाडीतली एक बाई आपल्या लहान मुलीला सोबत आणायची. मुलगी माझ्या पहिल्या खांबाच्या सावलीत बसून खडे खेळायची. ऊन सरकले की तीही सरकायची. तीच पुढे लग्न होऊन माझ्यावरून आंबेखेडात आली. ती वच्छला.

मला मुद्दाम बुटके बांधले. उंच पुलाला खर्च जास्त लागतो. मोठा पूर आला की पाणी माझ्यावरून जाते आणि ओसरले की मी परत दिसतो. पहिल्या पुरात मी बुडालो तेव्हा दोन्ही तीरांवर माणसे जमली होती. पूल गेला, असे सगळे म्हणत होते. दोन दिवसांनी पाणी उतरले तर मी होतो तिथेच होतो. अंगावर नुसता गाळ आणि काटक्या. एका म्हाताऱ्याने माझ्यावर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, "हा काई हालत नाई बाप्पा." त्याच्या त्या बोलण्याचा मला आजही अभिमान आहे.

आता माझ्या कठड्याविषयी सांगतो, कारण सगळे त्याच्यापायी घडले. माझ्या दोन्ही कडांना थोड्या थोड्या अंतरावर कमरेएवढे दगडी खांब आहेत. प्रत्येक खांबाला आरपार भोक आहे. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लोखंडी पाइप ओवायचा आणि खीळ ठोकायची. झाला कठडा. पण पावसाळ्यात हे पाइप काढून ठेवावे लागतात. पुरात झाडे, झुडपे, कधी अख्खा गोठाही वाहून येतो. तो कठड्याला अडकला की पाण्याचा जोर वाढतो आणि कठड्यासकट माझीही कड तुटते. म्हणून मृगाच्या आधी पाइप काढायचे आणि दसरा झाला की परत बसवायचे. असा माझा नियम आहे.

हे काम रस्त्याच्या टोळीचे होते. टोळीचे मुकादम शंकरराव. ते मोठ्याने बोलायचे, पण कामात कधी दिवस चुकवत नसत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची माणसे पाइप खांद्यावर घेऊन यायची. पहिली खीळ ठोकली की गावातल्या बाया तिला हळदकुंकू लावायच्या आणि शंकरराव नारळ फोडायचे. खोबरे वाटून होत नाही तोच मुले काठ्या घेऊन पाइपावरून खडखड वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. शंकरराव त्यांना शिव्या द्यायचे आणि हसायचे.

असे वर्षानुवर्षे चालले. त्यामुळे गावाच्या पायांना वर्ष पाठ झाले. पावसाळ्यात सगळे माझ्या मधून चालायचे. दसरा झाला की कडेने चालायचे. समोरून गाडी आली की कडेला व्हायचे आणि पाठ कठड्याला टेकवायची. गाडी गेली की पुढे निघायचे. डोक्यावर भारा असो, हातात किटली असो, कडेवर लेकरू असो, हे कोणाला शिकवावे लागत नव्हते. नवी सून आली की आठ दिवसांत तीही तसेच करायची.

मग शंकरराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. दोन कोस खाली नवा उंच पूल झाला आणि मोठ्या गाड्या तिकडून जाऊ लागल्या. एसटी फाट्यावरूनच वळू लागली. रस्ता एका कार्यालयाकडे गेला, मी दुसऱ्या कार्यालयाकडे राहिलो आणि माझे पाइप कोणाकडेच नाहीत असे ठरले. हे मला एका साहेबांच्या बोलण्यातून कळले. ते माझ्यावर उभे राहून फोनवर बोलत होते.

तेव्हापासून पाइप काढण्याचे आणि बसवण्याचे काम गावाने आपल्याकडे घेतले. यासाठी मी गावाला मानतो. पण एक गोष्ट मला कधी समजली नाही. पाइप काढायला अख्खे गाव येते. मृगाच्या आधी एका संध्याकाळी तरुण पोरे हसतखेळत सगळे पाइप काढून टाकतात. बसवायच्या वेळी मात्र दसरा जातो, दिवाळी जाते, कापूस निघतो आणि मग कोणालातरी आठवते. शंकररावांच्या वेळी जे एका सकाळचे काम होते, त्याला आता दोन महिने लागतात.

गेल्या वर्षी तर बसवलेच नाहीत.

झाले असे. पाइप शाळेच्या ओसरीत ठेवले होते. लेकरे अडखळतात म्हणून बाई ओरडल्या, म्हणून ते देवळामागे नेले. गणपतीत मांडवाला बांबू कमी पडले. गजेंद्र हा गावातला कामसू तरुण आहे, त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि मांडव नेहमी तोच उभारतो. त्याने पाइप आणून मांडव उभा केला. मांडव इतका मजबूत झाला की वाऱ्यापावसात हालला नाही आणि सगळ्यांनी गजेंद्रची पाठ थोपटली. गणपती उठले. मांडव सोडला. पाइप मोकळ्या जागेत पडून राहिले.

मग ज्याला लागला त्याने एक उचलला.

मित्रांनो, इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, म्हणून नीट ऐका. कोणीही चोरी केली नाही. प्रत्येकाने एकच पाइप नेला. प्रत्येकाला वाटले, इतके पाइप पडले आहेत, एकाने काय होते, दसरा आला की देऊ. गोजरबाईंनी गोठ्याच्या छपराला लावला. पोरांनी व्हॉलीबॉलच्या जाळीच्या एका बाजूला लावला. देवळावर झेंड्याला एक गेला, विहारासमोर दिव्याला एक गेला. कोणी धुणे वाळत घालायला नेला, कोणी पाण्याच्या टाकीखाली टेकवला. दसरा आला तेव्हा देवळामागे पाइप नव्हते. लोक माझ्यावर बसून एकमेकांना विचारायचे, औंदा कठडा काऊन लागला नाई बे? आणि ज्यांच्या घरी पाइप होता तेच हे जास्त विचारायचे.

वच्छलाबाईंनीही एक नेला होता.

त्यांच्या अंगणात वालाचा वेल होता. पावसात त्याची काठी मोडली आणि वेल जमिनीवर पडला. त्यांनी पाइप रोवला, वर दोन आडव्या काठ्या बांधल्या आणि वेल उचलून त्यावर घातला. मला त्यांचे अंगण इथून स्वच्छ दिसते. तो वेल पाइपाला धरून इतका भरभर वर गेला की दिवाळीपर्यंत वरचा मांडव झाकून गेला आणि जांभळी फुले लागली. किसनराव खालच्या सावलीत खाट टाकून पडायचे.

दिवाळीच्या सुमारास एकदा त्या किसनरावांबरोबर माझ्यावरून चालत होत्या. किसनराव म्हणाले, "कठड्याचा पाइप हाय तो. बसवा लागते."

"बसवू ना," त्या म्हणाल्या. "शेंगा निघू द्या. बाकीचे तं येऊ द्या आधी. आपला एकटा लावून काय दिवाळी हाय?"

किसनराव हसले. मीही तेव्हा काही वाईट मानले नाही.

धुक्याच्या त्या सकाळी वच्छलाबाई दूध घालायला फाट्याकडे निघाल्या. त्या रोज निघतात तशाच. समोरून गजेंद्रचा ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉलीत कापूस भरलेला. तो शेतातून भरून येत होता आणि गावातून पुढे जिनिंगला जायचा होता. त्याने हॉर्न दिला. वच्छलाबाई कडेला झाल्या, किटली छातीशी धरली आणि पाठ मागे टेकवली.

कठडा नाही हे त्यांना माहीत होते. त्यातला एक पाइप त्यांच्याच अंगणात होता. पण दिवस मार्गशीर्षाचे होते, आणि त्यांच्या पाठीला ते माहीत नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या दिवसांत तिथे पाइप असायचा.

गजेंद्रला जिनिंगवर फोन गेला. तो तसाच परत आला, ट्रॉलीतला कापूस न उतरवता. तोवर वच्छलाबाईंना घरी नेले होते. तो माझ्यावर, ती किटली होती तिथे, बसून राहिला. अंत्यविधी झाल्यावर किसनराव एकटेच आले आणि त्याच्या शेजारी बसले.

"काका, मी हॉर्न देल्ला होता," गजेंद्र म्हणाला.

"देल्ला असशीन."

"काकू बाजूले झाल्या. मले दिसल्या. मंग नाई दिसल्या. मले वाटलं धुकं हाय."

खाली पाणी वाहत होते. मग किसनरावांनी विचारले, "मांडव तूच सोडला होता ना?"

"हाव."

"पाइप कोण कोण नेले, तुले माहीत हाय?"

"थोडे माहीत हायत."

"तेरावं होऊ दे. मंग आपण दोघं जाऊ."

त्या आठवड्यात एक जीप आली. दोन माणसे उतरली. एकाने टेप धरला, एकाने फोटो काढले. ते म्हणाले, प्रस्ताव पाठवू. नंतर माझ्या दोन्ही टोकांना पाटी लागली. 'पूल धोकादायक आहे, वाहने सावकाश चालवा.' मित्रांनो, त्या पाट्या कशावर लावल्या माहीत आहे का? नव्या कोऱ्या लोखंडी पाइपांवर. पाटीला पाइप मिळाला, कठड्याला मिळाला नाही. तो पाइप माझ्या खांबांना पुरेल एवढा लांबही नाही, गजेंद्रने मापून पाहिले.

तेराव्यानंतर किसनराव आणि गजेंद्र निघाले. ते गावात काय बोलले ते मला ऐकू येत नव्हते, पण जे माझ्यापर्यंत आले ते मी ऐकले. व्हॉलीबॉलची पोरे पाइप घेऊन स्वतःच आली, मान खाली घालून. पुजाऱ्याने झेंडा बांबूवर चढवला आणि पाइप पाठवून दिला. विहारातला पाइप रवीने खांद्यावरून आणला. रवी फाट्यावर वायरमनचे काम करतो.

"लाइट कुठी लावला मंग?" किसनरावांनी विचारले.

"लिंबाले बांधला तात्पुरता. आई म्हणे, आधी पाइप देऊन ये, उजेडाचं मंग पाहू."

"तुह्या आईले सांग, मी लाकडाची बल्ली आणून देतो."

"नका देऊ. ती अजून बोलंन मले," रवी म्हणाला आणि खीळ ठोकायला बसला.

त्यांनी पहिला पाइप कुठे बसवला ते सांगायला नको. किटली पडली होती त्या जागी. किसनरावांनी स्वतः खीळ ठोकली. हळदकुंकू कोणी आणले नव्हते. आशाबाईंनी जवळच्या पिशवीतून अंगणवाडीच्या खाऊतला गूळ काढला आणि खिळीवर ठेवला.

गोजरबाई मात्र सहजासहजी देईनात. त्या गावातल्या सगळ्यांत वयस्कर बाई आणि कोणाला भीत नाहीत. एका सकाळी त्या काठी टेकत माझ्यापर्यंत आल्या.

"किसनराव, तुमच्या पुलासाठी माह्या गोठ्याचं छप्पर खाली आणू का?"

"बल्ली आणली हाय मी. पाइप काढू, बल्ली लावू. छप्पर तसंच राहीन."

"बल्लीले वाळवी लागते."

"लागू द्या. दुसरी देईन."

"आन् म्हशीच्या अंगावर पडलं तं?"

"म्हैस देईन."

"म्हैस कोठून देता? तुमची एक तं हाय, तिचं दूध कोण काढते आता?"

किसनरावांनी घराकडे पाहिले. गोजरबाईंनाही बोलून गेल्यावर वाईट वाटले असावे. त्यांनी काठी दोनदा आपटली आणि म्हणाल्या, "या दुपारी. पण बल्ली सागाची पाहिजे, बाभळीची नाई चालणार."

असे एकेक करून पाइप आले. कोणी कुरकुर करत दिला, कोणी लाजत. ज्याने टाकीखाली लावला होता त्याने तर आधी सांगितले की हा पाइप कठड्याचा नाहीच, त्याच्या सासऱ्याचा आहे. गजेंद्रने खिळीचे भोक दाखवले तेव्हा त्याने डोके खाजवले. गजेंद्र रोज संध्याकाळी येऊन काम करायचा आणि काम संपले की पाइपावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. माझ्यावरून ट्रॅक्टर नेताना तो आता इतका हळू नेतो की मागची माणसे त्याला हिणवतात.

पहिल्यानंतरचे पाइप पलीकडच्या टोकापासून बसवत आणले होते. शेवटी एकच जागा उरली. गावाकडच्या टोकाची, किसनरावांच्या घरासमोरची. तिथे पात्र संपते, पण खाली मोठे दगड आहेत, आणि शाळेची सगळी मुले तिथूनच माझ्यावर चढतात.

राहिलेला पाइप कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होते. रवीला माहीत होते, आशाबाईंना माहीत होते. गजेंद्र तर त्या अंगणात चहा पिऊन यायचा. कोणीही बोलले नाही. सगळे त्या मोकळ्या जागेकडे पाहायचे आणि मग नदीकडे पाहायचे. बोलल्या त्या गोजरबाई.

"माह्या गोठ्यातला पाइप तुम्ही काढून नेला," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगणातला कधी येते, किसनराव?"

किसनराव खिळीला तेल लावत होते. ते थांबले.

"त्याच्यावर तिचा वेल हाय," ते म्हणाले. "शेंगा लागल्या हायत."

"वेल काय, दुसऱ्या काठीवर घेता येते."

"तिनं बांधलेला हाय. आडव्या काठ्या, सुतळ्या, सगळं तिनं बांधलं. पाइप उपटला का सारा मांडव खाली येते."

गोजरबाईंनी अंगणातल्या वेलाकडे पाहिले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग शेंगा निघू द्या." आणि निघून गेल्या. हेच शब्द वच्छलाबाईंनी दिवाळीत म्हटले होते. मला आठवले. किसनरावांनाही आठवले असणार, कारण ते तसेच बसून राहिले आणि हातातले तेल खाली सांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला किसनराव घरातून आले आणि त्या मोकळ्या जागेत, दोन खांबांच्या मध्ये, नदीकडे पाठ करून उभे राहिले. मुले आली. मुले गेली. सगळी पार झाली तसे ते घरी गेले. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला परत आले.

त्या दिवसापासून ते रोज उभे राहिले. महामाया नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, चौथीतली. तिने एकदा विचारले, "आजोबा, तुम्ही इथी काऊन उभे राहता?"

"कठडा हाय मी," किसनराव म्हणाले.

"मंग काठी वाजवू का?"

ते पहिल्यांदा हसले. पोटाला काठी लागू दिली आणि म्हणाले, "हळू वाजव बे. जुना पाइप हाय."

मित्रांनो, तुम्हाला हे ऐकून बरे वाटले असेल. मलाही त्या क्षणी बरे वाटले. पण नंतर विचार केला आणि पुन्हा राग आला. एक पाइप उचलून आणायचा सोडून एक माणूस थंडीत उभा राहतो, उन्हात उभा राहतो, दोन वेळा. ज्या दिवशी त्यांना ताप आला त्या दिवशी तिथे कोणीच नव्हते. मुले धावत आली, एकमेकांना ढकलत आली, आणि मी नुसता पाहत राहिलो. मला हात नाहीत. काही झाले नाही, पण होऊ शकले असते. हे किसनरावांना कोणी सांगायचे? मी सांगितले असते. पण ते त्या मांडवाखाली बसलेले मला दिसतात आणि माझे बोलणे अडते.

शेंगा निघाल्या. त्यांनी थोड्या गजेंद्रच्या घरी दिल्या, थोड्या आशाबाईंना, आणि एक टोपली गोजरबाईंना. शिमगा गेला. वेलाची पाने पिवळी झाली, गळली. नुसत्या वाळक्या काड्या राहिल्या. आता पाइप काढायला काहीच हरकत नव्हती. गुढीपाडवा गेला. सुट्ट्या लागेपर्यंत किसनराव त्या जागेत उभे राहिले आणि वाळका मांडव तसाच राहिला.

मी जुना आहे. माझे सांधे उघडले आहेत, एका खांबाच्या बुडातून वाळू निघून गेली आहे, माझ्या कडेवर उंबराचे रोप उगवले आहे. यांतल्या कशासाठी मी तुम्हाला काही मागत नाही. एवढेच सांगतो. गावाची जी वस्तू असते, ती पडून असली तरी रिकामी नसते. तिची जागा कुठेतरी मोकळी झालेली असते आणि त्या जागेतून कोणीतरी चालत असते. तुम्ही एकच नेली म्हणून ती एकच राहत नाही. लागली तर न्या, माणसाला लागते. पण दसऱ्याला परत आणून द्या. बाकीच्यांनी आणली का, याची वाट पाहू नका.

परवा मृग लागला. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गजेंद्र, रवी आणि पोरे आली आणि त्यांनी सगळे पाइप काढले. या वेळी ते शाळेत नेले नाहीत की देवळामागे नेले नाहीत. किसनराव म्हणाले, माझ्या ओसरीत ठेवा. सगळे पाइप त्यांच्या ओसरीत भिंतीला लावून ठेवले आहेत. मला ते इथून दिसतात. गणपतीच्या मांडवाला एकही मिळणार नाही असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि गजेंद्रने बांबू आणून टाकले आहेत.

आज सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. किसनराव खुरपे घेऊन अंगणात आले. वाळक्या काड्या त्यांनी एकेक करून काढल्या. मला वाटले, आता पाइप निघणार. त्यांनी पाइप हलवून पाहिला, तो घट्ट होता. मग ते खाली बसले, त्याच्या बुडाशी आळे केले, सदऱ्याच्या खिशातून वालाचे बी काढले आणि त्यात टाकले.

गजेंद्र ट्रॅक्टर घेऊन माझ्यावर आला होता. त्याने गाडी थांबवली, अंगणाकडे पाहिले, आणि पुढे गेला.

दसरा झाला की ओसरीतले सगळे पाइप एका दिवसात बसवायचे, असे ठरले आहे. गावाकडच्या टोकाचा पाइप त्यांत नाही. तो अंगणातच आहे.